बर्फाखालचं दुकान

चौथ्या मजल्यावर बर्फ आहे.
तिसऱ्यावर मी, बुटांच्या दुकानात,
म्हणजे त्यांची जमीन ते माझं छत.
वर पोरं घसरतात, आपटतात
आणि माझ्याकडे एक बारीकसा धप्प उतरतो,
शेजारच्या घरात कुणी कणीक आपटावी तसा.

सेबूत हिवाळा नसतो.
हिवाळ्याचं तिकीट असतं, तासाला साडेतीनशे पेसो,
मोज्यांचे वेगळे.

माझ्या बिल्ल्यावर लिहिलंय जोव्हेलिन.
मी निम्फा.
जोव्हेलिन आधीची मुलगी, तिचे पाच महिने भरले.
माझेही भरतील. तेवढ्यासाठी
नवा बिल्ला कोण छापतो?
गिऱ्हाइकं हाक मारतात, मी ओ देते.
दहा तास उभं राहायचं. स्टूल आहे,
पण ते बूट घालून बघणाऱ्यांसाठी.

नऊ नंबरच्या कपाटावर छत पाझरतं.
तिथे निळी बादली.
रात्री शटर अर्धं उतरलं की क्रिसांतो येतो,
"माझंच पाणी," म्हणतो, "मीच नेतो."
तो वर बर्फाचं यंत्र चालवतो,
दर दोन तासांनी, गोल गोल,
पोरांनी काढलेले सगळे ओरखडे
ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसे पुसतो.
बाप त्याचा बंदरावर बर्फाच्या लाद्या विकायचा,
भुशात गुंडाळून, सायकलवरून.
बहीण कॅनडात, म्हाताऱ्यांना अंघोळ घालते,
फोटो पाठवते : फावडं, गाडी, कमरेइतकं पांढरं.
"ती फुकटचा उपसते," क्रिसांतो म्हणतो,
"मी पगारी जपतो."

रविवारी तळमजल्यावर मिस्सा.
तेवढा वेळ सरकते जिने थांबतात,
पाच मजल्यांच्या कठड्यांवरून लोक वाकतात,
हातात वितळतं आइस्क्रीम.
पाद्री म्हणतो, तुम्हांला शांती असो,
नेमकं तेव्हाच गेमच्या हॉलमध्ये
कुणीतरी एक राक्षस मारतं
आणि नाणी खळाळत राहतात.

डिसेंबरात वादळ आलं.
वादळांना नावं असतात, या वेळचं माझ्या मावशीचं.
पत्रे गेले. विजेचे खांब रस्त्यावर आडवे.
आमच्या भागात उजेड फक्त इथे, जनरेटरवर.
लोक आले, फोन घेऊन, गाद्या घेऊन,
एकाच्या काखेत झुंजीचा कोंबडा,
एकीच्या पाठीवर आजारी बाप.
प्लगच्या रांगेत रात्रभर बसले.
काही न घेणारी एवढी माणसं
मी तिथे पहिल्यांदाच बघत होते.
मीही बसले मग,
त्या स्टुलावर.

तिसऱ्या दिवशी वरून हुकूम :
डिझेल कमी आहे. फ्रीज चालू ठेवा,
लिफ्ट बंद, बर्फ सोडून द्या.
बादली सकाळी एकदा भरली,
दुपारी तासातासाला.
धप्प बंद झालं होतं. वर आता
खर्र, खर्र.

क्रिसांतो उतरला, बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावरून
एकेक पायरी मोजत,
खांद्यावर पोतं, पाठ निथळती.
मागे सिक्युरिटीचे दोघं, त्यांच्याही खांद्यावर पोती.
"कुणाला विचारलंस?"
"सोडून द्या म्हणाले ना," तो म्हणाला,
"सोडतोय."

पासिलच्या मासळी बाजारात गेली ती पोती.
मी पाहिलं नाही, माझी शिफ्ट होती.
ऐकलं ते एवढंच, की बांगड्यांच्या टोपलीत
एका कोळणीला सापडलं
कुण्या पोरीचं गुलाबी बटण,
अजून गोठलेलं.
तिनं ते खिशात टाकलं
आणि भाव सांगत राहिली.

जानेवारीत नवा बर्फ धरला.
तिकीट चारशे झालं.
क्रिसांतोच्या पगारातून काय कापलं
ते त्यानं सांगितलं नाही,
मी दोनदा विचारलं.

फेब्रुवारीत मी बिल्ला परत केला.
नव्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं.
तिला नऊ नंबरचं कपाट मात्र दाखवलं,
बादली कुठे ठेवायची,
आणि रात्री शटर पूर्ण उतरवू नकोस,
कुणीतरी येतं.