डाग

हुपरीत, रात्री साडेदहाला,
पैंजणाच्या कडीला डाग देताना
आत कुणीतरी म्हणतं:
वाकडी. परत वाकडी. तुझ्यानं काय हुणार हाय?

आवाज आबांचा नाही.
आबांना जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि ते नुसता चिमटा आपटायचे.

आज फुंकणी खाली ठेवली,
नीट ऐकलं.
आवाज कोवळा निघाला.
नऊ वर्षांची मीच,
चिमटा आपटायच्या आत
घाईघाईनं स्वतःला रागावून घेणारी,
म्हणजे मग कमी लागतं.

गप म्हटलं नाही तिला.
बस म्हटलं, शेगडीपासून जरा लांब.
चहा घे बशीत.

कडी वाकडीच होती.
उद्या शेठ बघतील, वजनात धरतील.
ती अजून बडबडायलीय,
पण मधेच
डुलकी लागतेय तिला.