कोपऱ्यातलं तोंड

गुरुवारी रात्री बारा वाजता
'खदखद' वाहिनीचं नाव बदललं.
शुक्रवारी सकाळी सातला
माझा फोन वाजायला लागला.

मी उत्तरेश्वर पेठेतला केबलवाला.
माझ्या हातात खांबावरची वायर आहे,
वाहिनीचं बारसं नाही.
पण बारसं करणारा माणूस कुणाला सापडत नाही,
मी सापडतो.
रात्री दुधाच्या कट्ट्यावर पेला तोंडाला लावला
तरी सापडतो.

"त्ये बोळकं तोंड कुठं गेलं?"
पहिला फोन हिंदुराव घाटग्यांचा.
पिवळं, गोल, एकच दात असलेलं,
अकरा वर्षं कोपऱ्यात बसून हसणारं.
त्याच्या जागी आता एक केशरी वर्तुळ,
आत एकच अक्षर, ख.
"ख म्हंजे काय रं? खरूज?"

इंगवले गुरुजींनी विचारलं,
बाकीची तीन अक्षरं कुणाच्या सहीनं कमी केली?
लेखी पाहिजे म्हणाले.
तालमीतल्या एका पोराला वर्तुळ आवडलं,
जरा ष्टँडर्ड वाटतंय, एवढंच बोलला,
वस्तादानं त्याला शंभर बैठका सांगितल्या.
कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

रझाक टेलर टीव्ही बघत नाही, ऐकतो.
मान वर केली की काज बिघडतं.
त्याची तक्रार वेगळीच.
विनोद तेच, माणसं तीच,
मागचं हसणं तेवढं बदललंय.
"आधी त्यात एक बाई होती.
सगळे थांबले की शेवटाला एकटीच हसायची,
ठसका लागल्यागत.
तिला काढली काय?"
मी कधी ऐकली नव्हती ती बाई.
त्या रात्री जुना भाग लावून ऐकला.
होती.

तानूबाई सावर्डेकरनं फोन केला नाही,
तिला आकडे येत नाहीत.
नातवाच्या हाती निरोप, टीव्ही बिघडलाय.
गेलो. टीव्ही ठणठणीत.
"खटक्यावर बोट ठिवायची न् फुडं फुडं जायची,
बोळकं आलं की थांबायची.
आता थांबू कुठं?"
दात तिचाही एकच.
मी खाली बघून वायर तपासल्यासारखं केलं.
"माझ्यागत हुतं म्हणून न्हवं," तीच म्हणाली,
"तसलं मनात आणू नगंस."

वाहिनीच्या पत्रकात लिहिलंय, नवं रूप, तरुण हास्य.
माझ्याही पाटीवर नाव तीनदा बदललं,
पेठ तिन्ही वेळा वायरवाल्याचं दुकान म्हणत राहिली,
एकानंही फोन केला नाही.

दुकानात जुन्या जाहिरातीचे स्टिकर होते,
उंदरांनी निम्मे खाल्लेले.
त्यातलं एक शाबूत तोंड कापलं
आणि तिच्या टीव्हीच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात
थेट चिकटवलं.
चूक लगेच कळली.
तोंड आता सगळीकडंच हसत होतं,
कीर्तनात, साड्यांच्या सेलमध्ये,
सुनेला घराबाहेर काढत होते तिथंसुद्धा.
काढायला नख लावलं तर तिनं मनगट धरलं.
"ऱ्हाऊ दे."

बातम्या लागल्या.
राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी
अडतीस फूट नऊ इंच.
ती उठली, रेशनकार्डाची पिशवी वरच्या फळीवर ठेवली,
नातवाला शेळी सोडायला सांगितलं.
आकडे येत नाहीत, पाण्याचे तेवढे येतात.
कोपऱ्यात तोंड खदखदत होतं.
तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं,
घरातल्या खुळ्या माणसाकडं बघावं तसं.

पाणी उतरलं. आता पेठेत एकवीस घरांत ते तोंड आहे.
गुरुजींनीही नेलं, त्याचं मात्र लेखी दिलं नाही.
रझाकला स्टिकरचा काही उपयोग नाही.
रात्री दुकान बंद केल्यावर
मी जुने भाग काढून बसतो,
विनोद सोडून देतो,
सगळे हसून थांबेपर्यंत थांबतो.