चीक

भुसावळला गाडी पहाटे उतरवते, घरी आले तेव्हा
तुम्ही आमच्या ओट्यावर बसला होतात,
विळ्याच्या टोकाने अप्पांच्या चष्म्याचा स्क्रू आवळत.
"हा फिरके. अंकलेश्वरचा. तू एवढीशी होतीस तेव्हाच गेला तिकडं."

मला तुम्ही फोटोतून माहीत होता फक्त:
हतनूरच्या कठड्यावर अप्पांच्या खांद्यावर हात,
दोघांच्या एकसारख्या मिश्या, एकसारखी खपाटीला गेलेली पोटं.
चोवीस वर्षांची मी, पुण्यात स्वतःच्या पगारातून भाडं भरणारी,
आईने डोळ्याने खुणावलं म्हणून वाकले.
तुमच्या टाचांना भेगा. अंगठ्याचं एक नख काळं.
एवढ्याने काही होत नाही.

झालं ते शनिवारी, भरिताला.
भालोदच्या मळ्यात तुराट्या पेटल्या,
वांगी पोपटी, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी.
अप्पा मिरच्या भाजताना गात होते,
सूर सोडून बाकी सगळं होतं त्यात.
बाईमाणसं कळण्याच्या पुऱ्या लाटत होती
आणि तुमच्या बायकोने पाठवलेल्या खाकऱ्याचं कौतुक करत होती.
मला तुमच्याबरोबर पानं कापायला पाठवलं.
कोणी पाठवलं, की मीच उठले,
हे मी नंतर पुष्कळदा तपासलं.

केळीच्या आत संध्याकाळ लवकर होते.
तुम्ही विळा मारला, देठ कलला,
चीक उडाला माझ्या ओढणीवर,
पाण्यासारखा. बिनरंगाचा.
"पुसू नको वं. पुसला का पसरतो."
मी मान वर केली तर
तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात.
इतकं मन लावून बघत नव्हतात
की मला कळलं.

तिथून पुढे काका हा शब्द येईना.
घशाशी यायचा, घशाशीच फिरायचा
म्हशीने डबक्यात फिरावं तसा.
मी वाक्यंच वेगळी बांधू लागले:
मीठ हवंय का.
तिकडे थंडी असते का.
पान नीट धरायला हवं, गळतंय.
मावशी म्हणाली, पुण्याने पोरगी मोजकं बोलायला शिकली.
आई बडगीत वांगी ठेचत होती.
एकदाच, तिच्या मुसळाचा ठेका चुकला.

रात्री शेकोटीशी अप्पा झोपले,
तुमच्या मांडीवर डोकं, तोंड उघडं,
शाळेतून पळून इथेच झोपायचे म्हणे दोघं.
त्यांच्या अंगावर तुमची शाल.
तुम्ही हलत नव्हतात, पायाला मुंग्या आल्या असतील तरी.
मी पलीकडे.
आपल्या मधे विस्तव थोडा होता,
अप्पा पुष्कळ.

खूप वेळाने तुम्ही राखेला सांगितलंत,
"उद्या पहाटे निघतो मी."
"रिझर्वेशन तर बुधवारचं आहे ना?"
"हो."
मग एक वांगं उरलं होतं निखाऱ्यात, ते फुटलं,
तेवढाच आवाज.

सकाळी ओट्यावर तुमचा कप पालथा होता.
मी नळाखाली ओढणी चोळत बसले,
साबण लावला, लिंबू लावलं, रॉकेल लावलं,
रात्री न दिसणारा डाग प्रत्येक धुण्याला पिकत गेला,
आधी चहासारखा, मग काथासारखा.
आई मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
"केळीचा आहे," म्हणाली. "जात नसतो.
नेऊ नको पुण्याला. मी फडकं करते त्याचं."
हातातून ओढून घेतली नाही.
मी देईपर्यंत थांबली.

तिने चार तुकडे केले.
एक गॅसपाशी असतो, एक देवाच्या तांब्याखाली,
एकाचं काय झालं माहीत नाही.
चौथ्याने अप्पा चष्मा पुसतात,
स्क्रू परत ढिला झालाय, बोटाने दाबून धरतात,
आणि मला फोनवर विचारतात,
फिरक्याला काय झालं गं,
तीन हिवाळे झाले, भरिताला म्हणून येत नाही.