नात्याचा रकाना

मनोरीच्या वाडीत आम्ही पाचजणी राहायला आलो
तेव्हा रेशन ऑफिसातल्या साहेबाने विचारलं,
कुटुंबप्रमुख कोण?
आम्ही एकमेकींकडे बघितलं.
जमीन इसाबेलची, पंप कुंदाच्या पीएफमधला,
विहीर आमच्याआधीपासून बेडकांची.
घरी ठरवून सांगतो, म्हणालो.

ठरवायला तीन गुरुवार गेले.
गुरुवारी आमची बैठक. जिच्या हातात उलथनं
तिनेच बोलायचं, असा नियम.
प्रमुख हा शब्दच मुळात बापाचा, प्रभावती म्हणाली.
जुबेदाने उलथनं ओढून घेतलं:
मग रॉकेलही बापाचंच, कंदील विझवू का?
शेवटी इसाबेलचं नाव दिलं.
त्या रात्री ती तापाने फणफणली होती,
तिला नाही म्हणता आलं नाही.
बाकी चौघींच्या पुढे, नात्याच्या रकान्यात,
साहेबाने एका दमात चारदा लिहिलं
भाडेकरू.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं:
इथे पुरुष राहणार नाही.
दुसऱ्या वर्षी कुंदाचा निरंजन आला,
नऊ वर्षांचा, हातात कंपासपेटी,
बापाने मार्व्याच्या धक्क्यावर सोडलेला.
आम्ही रात्री दोनपर्यंत भांडलो.
पुरुष म्हणजे कधीपासून? मिशीपासून?
आवाज फुटल्यापासून?
प्रभावतीने बॅग भरली, पण शेवटची होडी गेली होती
म्हणून परत उघडली.
तो तेवढा वेळ कांद्याच्या पोत्यावर झोपला होता,
तोंड उघडं टाकून.

आता त्याला मिशी आहे.
पंप बिघडला की तोच येतो, बोरिवलीहून,
कोळशाची ओळ वाचतो, हसतो,
जेवून जातो. राहत नाही.

प्रभावती मात्र पुढे खरंच गेली. लग्न केलं.
जाताना उलथनं घेऊन गेली,
का ते कुणी विचारलं नाही.
कुंदा गेली त्याला सहा वर्षं झाली,
आणि जुबेदा बहिणीकडे मुंब्र्याला असते,
पेरूंच्या दिवसांत येते, फांद्यांना शिव्या देते.

राहिलो दोघी.

पहिल्या मार्चमध्ये इसाबेल गावातल्या बायकांबरोबर
बाटली मसाला कुटून आली होती,
भुवयांपर्यंत तिखट,
शिंकत शिंकत पाण्याचा तांब्या मागत होती.
तांब्या द्यायच्या आधी मी काय केलं ते सांगत नाही.
ओठ दोन दिवस जळत होते.
तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, उतरलं का?
मी नाही म्हणाले. खोटं होतं.

कार्ड अजून आहे, पत्र्याच्या डब्यात,
वाळवीने कडा खाल्लेलं. रकाना शाबूत.
खाडीपलीकडे मालाडच्या इमारती दरवर्षी
एकेक मजला वर येऊन आमच्या अंगणात डोकावतात.
बिल्डरचा माणूस विचारून गेला,
मावशी, या जागेवर तुमचा हक्क काय?
भाडेकरू आहे, मी म्हटलं, तीस वर्षांची.
पावती?

आतून इसाबेल ओरडली,
भाडं थकलंय तिचं.
मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं:
ये, पाय चेप.