वरच्या मजल्यावरचे सर

दांडिया बाजारात, आमच्या वरच्या मजल्यावर
ड्युगल सर राहतात, स्कॉटलंडचे.
अलकापुरीतल्या क्लासात इंग्रजी शिकवतात
कॅनडाला निघालेल्या पोरांना.

मे महिन्यात लोकरी टाय.
नळाला पाणी आलं की आधी गॅलरीत
पिशवीचा तो बाजा तीन मिनिटं,
मग बादली.
गल्लीतल्या कुत्र्याला 'मिस्टर परमार' म्हणतात;
खऱ्या परमारभाईंनी बोलणं टाकलंय.

रात्री लाल खडू घेऊन फिरतात,
पाट्यांचं स्पेलिंग तपासत.
सेवउसळवाल्याला दहापैकी चार दिले.
त्याने पुसले नाहीत,
गिऱ्हाइकांना दाखवतो.

भाडं एक तारखेला, पाकिटात, तिकीट लावून.
वर पत्ता: मिसेस निंबाळकर, खालचा मजला, बडोदे.
जशी काही मी सातासमुद्रापार राहते.

एकदा विचारलंच, तुमच्याकडे सगळे असेच का?
मोडक्या गुजरातीत म्हणाले,
"नाही हो. तिथेही मी एकटाच असा.
तिथे भाऊ डॉक्टरकडे न्यायचा.
इथे म्हणतात, गोरा आहे, चालायचंच."

आमची रेणू त्यांच्याच हाताखालून गेली, विनिपेगला.
इथे असताना जिन्यात शीळ घालायची,
मोठ्याने, भर तिन्हीसांजेला.
मी दर वेळी दटावलं.
परवा फोनवर हसत होती:
"आई, आता रोज घालते.
शेजारीण समजते,
आमच्यात घालतातच संध्याकाळी."

मी काही बोलले नाही.
वर नळ खाकरला.
आता तीन मिनिटं
काहीच ऐकू येणार नव्हतं.