रुपयाएवढी जागा

द्वारकेच्या पुलाखाली, जानेवारीत,
सकाळी साडेआठलाही खिशातून हात निघत नाहीत,
तेव्हा गायधनींची बस आली.
बस म्हणायचं ते सवयीनं. आत पलंग आहे, ओटा आहे,
जिरं, मोहरी, हळद, अशा चिकटपट्ट्या लावलेले डबे,
आणि खिडकीत एक कोरफड,
वळणावर पडू नये म्हणून सुतळीनं बांधलेली.

"दोन बॅटऱ्या आहेत," काका म्हणाले,
"एक गाडीची, एक घराची.
गाडीची ठणठणीत. घराची मात्र
रोज रात्री दहाला मान टाकते."
काकू आतून म्हणाल्या, "साडेनऊला."

माझ्याआधी तिघांनी बघितलं होतं.
एकानं बॅटरी बदलली,
पिंपळगावच्या एकानं अल्टरनेटर,
तिसऱ्यानं मान हलवायचे पाचशे घेतले.

मी आधी मोजतो.
इंजिन चालू. फ्रिज चालू. दिवे चालू. पंखासुद्धा,
काकू शाल ओढून बसल्या, काही बोलल्या नाहीत.
अल्टरनेटरच्या बुंध्याशी चौदा पॉइंट दोन.
घराच्या बॅटरीवर बारा पॉइंट सहा.
वाटेत कुणीतरी खात होतं.

काका म्हणाले, "चौतीस वर्षं प्रेसमध्ये काढली, नाशिकरोडला.
नोट उजेडाकडे धरली की चूक दिसायची."
वीज उजेडाकडे धरता येत नाही, काका.
तिला दोन टोकांना उभं करून विचारायचं,
निघालीस तेव्हा किती होतीस
आणि पोचलीस ती किती.

लाल वायर वीत-वीत चाचपत गेलो.
फ्यूज गरम नाही. रिले टक् करून बोलला.
सगळ्या लाल वाटेत मिळून तूट पॉइंट तीन,
एवढं चालतं, एवढं कुठल्याही घरात सांडतं.
मग बाकीचं?

लाल वायर सगळेच बघतात.
वीज परत कुठून येते हे कुणी विचारत नाही.
मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला,
दुसरं इंजिनच्या अंगाला:
एक पॉइंट तीन.
तिथं शून्य दिसायला हवं, फार तर शून्याचा शेजारी.

गाडीखाली पाठीवर सरकलो, टॉर्च दातांत.
चासी निळी, आरशासारखी.
गंज लागू नये म्हणून काकांनी
दिवाळीआधी स्वतः दोन हात मारलेले,
आणि मग त्या रंगावरच
अर्थिंगचा बोल्ट आवळलेला, किती घट्ट!

"रंग खरवडावा लागेल."
वर कुणीच बोलेना. मग काकांचे बूट जवळ आले.
"किती?"
"रुपयाएवढा."
काकू उतरल्या, पाकिटातून खराच रुपया काढून
खाली वाकून माझ्या हातात दिला.
"हा ठेवून आखा. याच्या बाहेर नको."

आखला. खरवडला.
निळ्याखाली पिवळा निघाला, ओढ्याच्या शाळेचा,
बस तेव्हा पोरं वाहायची.
पिवळ्याखाली रेडऑक्साइड.
त्याखाली लोखंड, इतकं लख्ख
की काका या वयात गाडीखाली आले बघायला.

दातेरी वॉशर, बोल्ट, वरून व्हॅसलिनचं बोट.
तेरा पॉइंट नऊ.
फ्रिजचा आवाज खाली उतरला,
खोकला थांबल्यासारखा.

"बदललं काय?" काकांनी विचारलं.
"काही नाही. एक वॉशर."
"मग पैसे कशाचे?"
"द्या हो," काकू म्हणाल्या, "माझा रुपया वजा करून."
रुपया माझ्या शर्टाच्या खिशात होता, तो परत दिला.

ते पेठच्या रस्त्याला लागले.
मागे दिंडोरीचा एक जण ट्रॅक्टर घेऊन उभाच होता,
द्राक्षावर फवारणी अडलीय, हारूनभाई, आधी माझं बघा.

रात्री जेवताना नखात निळं दिसलं,
निळ्याच्या कडेला बारीक पिवळं.
घासलं नाही.
भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजले.
दहा वाजले.
फोन आला नाही.