बांगडे सर्वात वर

कुटबणच्या जेटीवर, सोसायटीच्या खोलीत,
बर्फाच्या फॅक्टरीला लागून असलेल्या ओल्या भिंतीवर
मी एक पडदा बसवला, माणूस ओळखणारा.

म्हणजे असं: बोट कुठं अडतं, किती वेळ अडतं,
कोणतं नाव रोज लागतं, कोणतं वर्षातून दोनदा,
ते तो टिपणार, आणि आपणहून
जवळचं जवळ आणणार, लांबचं लांब सारणार.
फोंड्याच्या ऑफिसात हे समजावताना
मी हाताची मूठ हळूहळू उघडून दाखवली होती.
सगळे हसले. पैसे मंजूर झाले.

वापरणारी एकटी उर्सुला बार्रेटो, वय चौपन्न.
उजव्या अंगठ्यावर इसवणीच्या दातांची जुनी खूण.
हात फ्रॉकला पुसते तरी ओलाच राहतो,
पडद्याला वाटतं, दोनदा दाबलं.
दुसऱ्या आठवड्यात पडदा शिकला,
तिचा ओलेपणा माफ करू लागला.
मी वहीत लिहिलं: छान.
तिसऱ्या आठवड्यात अक्षरं एकाएकी मोठी झाली.
"हांव कुड्डी न्हय गो बाय," ती म्हणाली.
तीन दिवस चष्मा घरी विसरली होती, एवढंच.

ऑक्टोबरात बांगडे आले.
टोपल्यांवर टोपल्या, घारी, ट्रकांची रांग पार वळणापर्यंत,
आणि पडद्यानं 'बांगडे' उचलून सर्वात वर ठेवले.
मग तारली आली. मग पेडवे.
मग आठवडाभर जाळ्यात नुसता बुळबुळीत कचरा.
पडद्यावर बांगडे वरच.
दर नोंदीमागे तिचे चार सेकंद वाचत होते,
माझा आलेख चढत होता,
मी तो छापून टेबलापुढं लावला.

डिसेंबरात सगळ्या नोंदी उघडून पाहिल्या.
कुटबणच्या समुद्रात
बांगड्याशिवाय काहीही पोहत नव्हतं.

विचारलं तर तिनं खांदे उडवले.
"मागीर कितें? तूं तें वयर दवरता, हांव तें दामतां."
चार ट्रॉलर एकदम लागतात,
कायतान तांडेल बर्फासाठी बोंबलत असतो,
अशा वेळी जे हाताशी येतं ते खरं.

तो तिला शिकतोय हे मी रोज मोजत होते.
ती त्याला शिकत होती,
त्याला माझ्याकडं रकाना नव्हता.

जून-जुलै बंदी. होड्या वर ओढलेल्या, खोलीला कुलूप.
ऑगस्टात ती आली, पडदा लावला,
तर तो विचारतो: आपण नवीन आहात का?
तिनं त्याच्या तोंडावर एक पोर्तुगीज शिवी घातली,
बर्फ फोडणारा पोरगासुद्धा आत डोकावून गेला.

त्याच दिवशी मला काचेवर ठिपके दिसले.
नेलपॉलिशचे, लाल, सात.
हांगा बांगडे, हांगा तारले, हांगा माणकीं,
ती बोट न लावता दाखवत गेली.
फळीवर टोपल्या मांडायचा तिचा क्रम, उजवीकडून,
कारण नदी उजवीकडं आहे
आणि माल नदीकडून येतो.
ठिपक्यांखाली माझी बटणं सरकत होती
वाळूतल्या कुर्ल्यांसारखी.
ठिपके जागच्या जागी.

मी सरकणं बंद केलं.
एकेक बटण नेऊन तिच्या ठिपक्याखाली बसवलं,
अहवालात लिहिलं: स्थिर आवृत्ती.
ऑफिसातून फोन आला, मग यात बुद्धी कुठं राहिली?
मी म्हटलं, रेंज जातेय इथं, आणि ती खरंच जात होती.
ओल्या बोटाची माफी तेवढी ठेवली.
ती आहे हे तिला माहीत नाही.

काल एक टोपली लेपो आली, पुष्कळ दिवसांनी.
लेपोला ठिपका नव्हता.
उर्सुला काचेपुढं थोडी थांबली
(किती सेकंद, ते मी मोजलं नाही),
मग कपाट उघडलं,
आणि वाळत आलेली बाटली तळहातावर आपटत
उजेडाकडं आली.